पायघड्या आणि मेंढरं

तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला जाते, तो टप्पा वारीतल्या नावाजलेल्या टप्प्यांत धरला जात नाही. वाटेत घाट नाही. नदी नाही. घोडा धावतो ते बेलवाडीचं रिंगणही दुसऱ्या दिवशीचं. दुपारी काटेवाडीत कॅमेऱ्यांची गर्दी होते आणि तासाभरात ती पुढं सरकते. तरीही वारीत एकच दिवस चालायला मिळेल असं कुणी म्हणालं, तर मी हाच दिवस मागून घेईन. या वाटेवरची गावं पालखीपुढं हार-तुरे आणतातच, पण आपलं रोजचं कामही आणतात. परीट धोतरं आणतो, धनगर मेंढरं आणतो, बागायतदार आपलं रान मोकळं ठेवतो. हे एवढ्या उघडपणे मी दुसऱ्या कुठल्या टप्प्यावर पाहिलेलं नाही.

आदल्या दिवसाची वाट आठवली की या दिवसाची गंमत जास्त कळते. रोटीचा घाट चढून आलेली पालखी उंडवडीहून बारामतीकडे उतरते ती जिरायतीतून. खुरटं गवत, बाभळी, मुरमाड माळ, मधूनच एखादं बाजरीसाठी कुळवून ठेवलेलं वावर. सह्याद्रीनं पाऊस अडवून धरल्यावर जे उरतं त्यावर जगणारा हा मुलूख. ज्येष्ठ संपून आषाढ लागण्याच्या आसपास पालखी इथं असते आणि बहुतेक वर्षी आभाळ नुसतंच भरून येऊन पुढं निघून जातं. बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की तासाभरात हवाच बदलते. पाटाच्या पाण्याचा वास येतो, दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो. हे नीरा डाव्या कालव्याचं पाणी. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दुष्काळाला उपाय म्हणून हा कालवा काढला, वर भाटघरचं धरण बांधलं, आणि एकाच तालुक्याचे दोन तुकडे झाले. कालव्याच्या खालचे आणि कालव्याच्या वरचे. सोयरीक जमवतानाही हा फरक विचारला जातो. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून हा सोहळा सुरू केला, त्यांच्याबरोबर चाललेल्या माणसांच्या वाट्याला या बाजूला उसाची सावली आलेली नव्हती. त्यांनी हा सगळा मुलूख उंडवडीसारखाच पाहिला असणार.

मी परभणीकडच्या एका दिंडीबरोबर चालत होते. दिंडीत माझी ओळख डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या काकूंमुळे. शारदा प्रांगणातली पालखी पहाटे हलते, पण बायकांचा दिवस त्याच्याही आधी, तीनच्या सुमाराला सुरू होतो. याचं कारण भक्तीइतकंच आडोशाचंही आहे. उजाडायच्या आत सगळं उरकायचं असतं. अलीकडच्या वर्षांत मुक्कामाच्या ठिकाणी फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या राहायला लागल्या, त्यानं किती बायकांचा जीव भांड्यात पडला हे रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पूर्वी बायका दिवसभर पाणीच कमी प्यायच्या. जून महिन्यात, एवढं चालत असताना. काकू सांगत होत्या, दुपारी डोळ्यांपुढं अंधारी यायची पण घोट घ्यायचा धीर व्हायचा नाही. वारीवर पुष्कळ लिहिलं जातं, पण या गोष्टीवर फार कमी. मला ती अभंगांच्या बरोबरीनं सांगावीशी वाटते, कारण निम्मी वारी बायकांची आहे.

तंबू उतरले, ट्रक भरला. स्वयंपाकाचं सामान आणि आचारी घेऊन तो पुढच्या मुक्कामी गेला. मागं राहिली ती चालणारी माणसं. पुढं पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, वीणेकरी, मागं तुळशी आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या बायका. वीणा जमिनीला टेकत नाही. वीणेकऱ्याला दमायला झालं की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, घालताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि भजन एका मात्रेनंही चुकत नाही. सकाळी काय म्हणायचं, दुपारी काय, दिवस कलल्यावर काय, हे ठरलेलं असतं. म्हणूनच वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं एका सुरात चालू शकतात. वारीला शिस्त लावायला बाहेरून फार कुणी लागत नाही ते यामुळं.

मोतीबागेच्या पुढं गर्दी जरा सैल झाली आणि बायकांचं बोलणं सुरू झालं. देवाचं नव्हे, रानांचं. शेतकरी माणूस दुसऱ्याच्या गावातून चालला की डोळ्यांनी सगळं मोजत जातो. हा खोडवा कितवा असेल, पाचट जाळलं की कुजवलं, सरी किती फुटांवर पाडली, ठिबक आहे की मोकाट पाणी. पिंपळी-लिमटेकच्या जवळ एका उसाच्या कडेला जमीन पांढरट दिसली. काकू थांबल्या, डोक्यावरचं वृंदावन एका हातानं सावरत खाली वाकल्या आणि चिमूटभर माती बोटांत चोळली.

"मीठ फुटलंय माय," त्या म्हणाल्या. "पानी लई झालं की आसं व्हतं. आमच्याकडं पान्याला महाग आन् इथं पान्यानं जमीन चालली."

नीरेच्या लाभक्षेत्रात वर्षानुवर्षं पाणी साचून चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, झालेल्या जमिनी आहेत, हे मी वाचलेलं होतं. काकूंनी वाचलेलं नव्हतं. त्यांनी माती चोळून पाहिली. मला त्यांचं बोलणं अहवालापेक्षा जास्त लागलं, कारण त्यात दुसऱ्याच्या बागायतीचा हेवा नव्हता, नुसती काळजी होती. ज्यांच्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसतं ती बाई पाण्यानं बिघडलेल्या जमिनीसाठी हळहळत होती.

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. गावाकडं रात्री चांगला पाऊस झाला होता. शेजारचे पेरायला निघाले, आपण काय करायचं, असं तो विचारत होता. काकूंनी रस्त्याच्या कडेला होऊन किती वेळ पडला, ओढ्याला पाणी आलं का, वरच्या बांधाला पाणी थांबलंय का, असं एकेक विचारलं आणि म्हणाल्या, "आज नगं. संध्याकाळी सांगते." फोन ठेवला आणि पुन्हा टाळांच्या मागं जाऊन चालायला लागल्या.

वारी नेमकी या दिवसांत असते. मृग सरलेलं, आर्द्रा लागलेली. ज्याच्याकडं पाऊस वेळेवर आला तो पेरून निघालेला असतो. ज्याच्याकडं नाही आला तो घरी कुणावर तरी पेरणी सोपवून. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. पण शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसली की कुणाच्यानं थांबवत नाही, आणि मग पावसानं ओढ दिली की दुबार पेरणी. बियाणाचे पैसे दोनदा. दिंडीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात हा हिशेब चालू असतो, तोंडानं अभंग चालू असताना. काहींना ही भक्तीतली उणीव वाटेल. मला वाटत नाही. हा हिशेब मागं ठेवून येता येत असता तर ती माणसं शेतकरीच नसती, आणि तरीही ती निघतात, यातच त्यांच्या निघण्याची किंमत आहे.

ऊन वाढलं तसा रस्ता तापला. या रस्त्याबद्दल लिहायलाच हवं. पाटसपासून बारामती, इंदापूरवरून तोंडले-बोंडल्यापर्यंतचा सुमारे १३० किलोमीटरचा हा मार्ग संत तुकाराम पालखी मार्ग म्हणून चौपदरी करायला घेतला, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५ जी. माउलींच्या पालखी मार्गाबरोबरच ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. चालणाऱ्यांसाठी कडेनं वेगळी वाट असावी असं त्या आराखड्यात आहे, आणि ते योग्यच आहे. भरधाव गाड्यांच्या शेजारून रात्री चालणाऱ्या दिंड्यांना वाहनानं उडवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. रुंद रस्त्याला माझा विरोध नाही. पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली. वड, चिंच, कडुनिंब. चालणाऱ्याच्या दृष्टीनं झाड म्हणजे मुक्कामातला एक लहान मुक्काम असतो. पंधरा माणसं त्याच्याखाली बसतात, एकजण पाय चेपून देतो, एकीची वेणी दुसरी घालते, पाण्याची बाटली फिरते, आणि उठताना पुढच्या झाडापर्यंतचं बळ आलेलं असतं. दिंडीतले जुने लोक अजून झाडांच्या नावानं अंतर सांगतात. अमक्या चिंचेपाशी थांबू. चिंच तिथं नसते, तरी थांबतात, उन्हात.

नवी रोपं लागली आहेत. काही जगली, काही काठीला वाळून उभी. त्यांतली बरीच शोभेची आहेत, त्यांची सावली माणसापुरती कधीच होणार नाही. पालखी मार्गावर वडच हवा, कडुनिंबच हवा, आणि रोप जगवायची जबाबदारी त्या त्या गावाच्या हाती हवी, त्यासाठी गावाला पैसे द्यावेत. वर्षातून एकदा लाखो माणसं कुणाच्या झाडाखाली बसली हे ज्या गावाला सांगता येईल, ते गाव झाड मरू देणार नाही. दुसरं म्हणजे काँक्रीट. पावलं भाजतात. डांबरापेक्षा काँक्रीटचा हिसका गुडघ्याला जास्त बसतो असं सगळेच म्हणतात, आणि जमेल तिथं माणसं रस्ता सोडून कडेच्या मातीवरून चालतात. अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्यांना तर ती वीतभर मातीची पट्टीच आधार असते.

काटेवाडीत पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. गावाच्या तोंडाशी परीट समाजाची मंडळी पांढरी धोतरं घेऊन उभी होती. इथं पालखी बैलांच्या रथातून उतरवतात आणि खांद्यावर घेतात, आणि वेशीपासून आत विसाव्याच्या जागेपर्यंत तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात. धुतलेली, निळीची झाक असलेली, घडीच्या खुणा अजून न मोडलेली धोतरं. पालखी एका धोतरावरून पुढं गेली की मागचं उचलून कुणीतरी धावत पुढं आणतं. गर्दीत ते सोपं नसतं. पाय पडतात, चिखल लागतो, कुणी अंगावर येतं. तरी धोतर आंथरताना कडा सरळ करायला ते विसरत नव्हते. एक पन्नाशीचा माणूस गुडघ्यावर बसून तळहातानं सुरकुती काढत होता आणि पालखीचे भोई त्याच्यापासून चार हातांवर आले होते. त्यानं ती काढली, मगच उठला.

हाच त्याचा रोजचा हात होता. दुसऱ्याच्या कपड्यावरची सुरकुती काढणारा. वर्षभर ज्या कामाला गावात मान कमी मिळाला, त्याच कामानं आज पालखीची वाट केली. बारा बलुत्यांची उतरंड मी डोळ्यांआड करत नाही. कुणी कुठं बसायचं, कुणाच्या हातचं कुणी घ्यायचं, हे सगळं या गावांनी पाहिलेलं आणि केलेलं आहे, आणि पालखीही त्यापासून पूर्ण सुटलेली नव्हती. पण पायघड्यांचा मान परीट समाजाचा, तो दुसरं कुणी घेत नाही, पैसेवालाही नाही. विसाव्याच्या जागी हेच वेगळ्या रूपात दिसत राहतं. नाभिक मंडळी खुर्च्या मांडून वारकऱ्यांच्या दाढ्या करतात, डोक्याला तेल लावून देतात आणि पैसे घेत नाहीत. चपला शिवणारा बसलेला असतो, त्याच्यापुढं अंगठे तुटलेल्या चपलांची रास. कुणी डॉक्टर फोडांवर पट्ट्या बांधतो. ज्याच्या हाताला जे येतं ते तो देतो, आणि घेणाऱ्याला लाजल्यासारखं होत नाही, कारण देणाराच आधी पायाला हात लावतो.

काटेवाडीतून निघताना मेंढरांचं रिंगण होतं. मी त्याच्यासाठी जरा आधी बाहेर येऊन उभी राहिले. धनगरांनी कळप रस्त्याच्या कडेला दाबून धरला होता. पालखीचा रथ आला, थांबला, आणि मग शिट्ट्या, हाका, आणि शेकडो मेंढरं एका लोटात रथाभोवती पळायला लागली. घोड्याचं रिंगण बघण्यात एक डौल असतो. यात तसं काही नाही. धूळ उठते, लोकरीचा आणि लेंड्यांचा वास येतो, कोकरू मागं राहून ओरडतं, धनगर त्याला काखेत उचलून तसाच पळतो. फेऱ्या पुऱ्या झाल्या की गर्दीतून "ज्ञानोबा तुकाराम" असा गजर होतो आणि मेंढरं घाबरून एकमेकांत तोंडं खुपसून उभी राहतात.

पावसाळ्यात कळपावर रोगराई येऊ नये म्हणून हे रिंगण धरतात, अशी श्रद्धा आहे. बाजूला उभ्या असलेल्या एका धनगराला मी त्याबद्दल विचारलं. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. तो म्हणाला, "ताई, आंत्रविषाराची लस टोचलीया म्हैन्यापूर्वी. ती बी करायची आन् हे बी करायचं." त्याला यात काही विसंगत वाटत नव्हतं, आणि मलाही वाटलं नाही. ज्याचं सगळं धन चार पायांवर चालतं तो माणूस कुठलीच वाट मोकळी सोडत नाही. या भागातले बरेच धनगर दिवाळीनंतर खाली उतरतात, कुणी कोकणापर्यंत जातं, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. म्हणजे तोही सात-आठ महिने चालूनच आलेला. त्यानं मला विचारलं, कुठवर जाणार? मी सांगितलं, आज सणसरपर्यंतच. "तेवढं तर आमची म्हातारी मेंढरं मागं चालती," तो म्हणाला, आणि अगदी आपुलकीनं मला पायांना हळद-तेल लावायला सांगून गेला.

दुपारनंतरचं अंतर गर्दीत पार पडलं. भवानीनगरच्या साखर कारखान्याचं धुराडं लांबून दिसायला लागलं. गाळप हंगाम नसल्यानं ते शांत होतं. कारखान्यापाशी स्वागत झालं, चहा झाला, आणि ऊन उतरायला लागल्यावर दिंडीनं हरिपाठ धरला. दिवसभर पाय ओढत आलेली माणसं हरिपाठाला पावलीच्या चालीनं नाचायला लागतात हे मी दरवेळी बघते आणि दरवेळी मला त्याचं नवल वाटतं. काकूंनी वृंदावन दुसरीच्या डोक्यावर दिलं आणि फुगडीला हात पुढं केला. त्यांच्या टाचेला पडलेली भेग मला सकाळपासून दिसत होती.

सणसरला दिंडीची राहुटी ज्या रानात पडते ते एका बागायतदाराचं आहे. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून ही दिंडी तिथंच उतरते. रस्त्याला लागून असलेलं दीड-दोन एकराचं ते तुकडं त्यानं नांगरलेलंच नव्हतं. शेजारी सऱ्या पाडून तयार होत्या, याच्यात मात्र मागच्या पिकाचे बुडखे काढून जमीन सपाट करून ठेवली होती, तंबूच्या खुंट्या नीट बसाव्यात म्हणून. विहिरीवरची मोटर त्यानं दुपारपासून चालू ठेवली होती, पाईप बायकांच्या आंघोळीच्या आडोशापर्यंत ओढून दिला होता.

"पालखी गेल्याबिगर या रानात ट्रॅक्टर घालत न्हाई," तो म्हणाला. "परवा नांगरट, मग सरी, आन् जुलैच्या मध्याला उसाची आडसाली लागण. शहाऐंशी-बत्तीस जात लावणार." लागण दोन आठवड्यांनी लांबली तर काही बिघडत नाही का, असं मी विचारलं. बिघडलं तर बिघडलं, असं काही तो म्हणाला नाही. त्यानं मला उसाची वाढ, तोडीचा महिना, कारखान्याची नोंद असं सगळं समजावून सांगितलं आणि त्यात ही दिंडी कशी बसते ते दाखवलं. त्याच्या पीक-नियोजनात वारीचा मुक्काम हे एक काम होतं, लागणीसारखं, तोडणीसारखं.

काकूंनी त्याला सकाळच्या त्या पांढऱ्या जमिनीबद्दल विचारलं. त्याच्या वडिलांचंही एक रान असंच चोपण झालं होतं. निचऱ्याचे चर काढले, दर दोन वर्षांनी हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडला, पाणी मोजून द्यायला लागला, तेव्हा कुठं जमीन माणसात आली, असं तो सांगत होता. काकू मांडी घालून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, एकरी किती पडतो? त्यानं टन सांगितले. त्यांनी आपल्या सोयाबीनचे क्विंटल सांगितले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं घरातून भाकरी आणि पिठल्याचं पातेलं पाठवून दिलं, दिंडीचा स्वयंपाक झालेला असतानाही.

समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, जायच्या आधी काकूंनी मुलाला फोन लावला. दिवसभर त्यांचं ठरलं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"हे बग, सकाळी वरच्या आन् खालच्या दोन्ही वावरातली माती मुठीत धर. लाडू व्हऊन राहिला तर थांब. खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा आला म्हन. मग जू धर. चार वळी सोयाबीन, दोन तूर. बियाणाला ते जिवाणूचं पाकीट चोळलं का? चोळ. दोन बोटांच्या खाली बी जाऊ देऊ नको. आन् तुझ्या काकाची तिफण आदी मागून घे, त्यो सकाळी देतो म्हनला तर रातीच घेऊन ये." पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं. "म्या? म्या बरी हाय. सनसरला हाय. उद्या बेलवाडीला रिंगान हाय, तवा फोन लागायचा न्हाई. दुपारच्याला मीच लावते, तू पेरत राय."